घड्याळ उंबऱ्याबाहेर

सांगली, २० जानेवारी

ती. मामा,

तुमच्या भाचीचा नमस्कार. मामीलाही सांगा, नाहीतर मागच्या वेळेसारखी "माझ्यापत्तर काय पोचला न्हाई नमस्कार" म्हणून रुसेल.

फोन सोडून पत्र का, असं ऑफिसात सगळे विचारतात. मी त्यांना सांगते, आमचे मामा वीस वर्षं तोफखान्यात होते, त्यांचे कान तोफांनी नेले. फोनवर मामीला निरोप दिला तर ती तो तुमच्या कानात ओरडते आणि बातमी आधी आख्ख्या आंबेखिंडीला कळते. एसटीच्या कंडक्टरबरोबर दिलेलं पत्रच बरं.

मामा, आज मी इतकी खूश आहे की जेवणाचा डबा उघडायचाच राहिला. गेल्या वर्षी यात्रेतल्या बैलगाडी शर्यतीच्या मैदानाची नोंदणी मी केलेल्या वेबसाइटवर झाली, म्हणजे झालीच नाही, ते तुम्ही विसरला नसाल. सकाळी नोंदणी उघडली आणि सगळ्यांच्या फोनवर नुसतं गोल चक्र फिरत राहिलं. फलटण, जत, कुठकुठले गाडीमालक मोटारसायकली काढून तुमच्या दारात आले. ते काय बोलत होते ते तुम्हाला ऐकू आलं नाही, पण हातवारे दिसत होते, असं तुम्हीच लिहिलं होतंत. शेवटी देवळात वही मांडून नावं घेतली. मी इकडं सांगलीत ऑफिसच्या जिन्यात बसून रडले. तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. "पुढच्या वर्षी बघू," एवढंच.

वर्षभर मी धरून चालले होते की गर्दी झेपली नाही. मोठं मशीन भाड्यानं घेऊन ठेवलं. पण आमच्या ऑफिसातला निमिष म्हणाला, "आधी मोज, मग बोल." त्याचं खरं आहे. ताप बघायच्या आधीच मी गोळी दिली होती.

तर आज मी मोजायची सोय केली. सांगते, नीट वाचा. फोनवरून निघालेला अर्ज आमच्या मशीनवर येतो, पण थेट आत जात नाही. वाटेत एकामागून एक टेबलं मांडल्यासारखे लहान लहान प्रोग्राम बसलेले असतात. एक मोबाइल नंबर बघतो, एक बैलाचा फोटो लहान करतो, एक डॉक्टरी दाखला तपासतो. शेवटी आतल्या खोलीत नाव नोंदलं जातं आणि "नोंद झाली" हा निरोप त्याच वाटेनं उलटा बाहेर येतो. या मधल्यांना आमच्यात मिडलवेअर म्हणतात. मी आज त्यात माझं एक टेबल टाकलं. त्यानं अर्ज आत जाताना घड्याळ बघायचं, निरोप बाहेर येताना परत बघायचं आणि वजाबाकी लिहून ठेवायची. अर्जाला हात लावायचा नाही, कुणाला अडवायचं नाही.

म्हणजे आता अंदाज नाही मामा, हिशेब आहे. गावातल्या दहाबारा गाडीमालकांकडून एक रंगीत तालीम करून घ्याल का? खरी नोंदणी बावीस फेब्रुवारीला आहे. त्याआधी मला बघायचंय, माझं घड्याळ काय म्हणतं.

तुमची,
संयोगिता


आंबेखिंड, २५ जानेवारी

चि. संयू,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आज मिळालं आणि आजच उत्तराला बसलोय. फौजेत एक शिकलो, आलेल्या निरोपाला रात्र पडू द्यायची नाही.

तुझं टेबलाचं मला झकास कळलं. मी झेंडापंच, तर तुझा हा घड्याळपंच. चौदा वर्षं मी सुरुवातीच्या रेषेवर उभा आहे. गाड्या चाकोरीत लागल्या, बैलांचे खूर रेषेमागं आले, की झेंडा पाडायचा. कान नाहीत म्हणून माझं काही अडलं नाही. उलट कोण कुठून ओरडतोय ते ऐकूच येत नाही, त्यामुळं माझा झेंडा कुणाच्या बाजूनं पडला असं अजून कुणी म्हणालेलं नाही. पंचाला जेवढं दिसतं तेवढंच पंच सांगणार. तुझ्या पंचाचंही तसंच असावं.

कमिटीची बैठक झाली. अध्यक्ष दादासो माझ्या पाटीवर मोठ्या अक्षरात लिहून म्हणाले, "आवं लालासाहेब, वही बरी. वही कवा अडकत न्हाई." चारजणांनी माना हलवल्या. मी काय उत्तर दिलं ते सोड, पण यंदाही नोंदणी तुझ्याच वेबसाइटवर आहे, हे पक्कं.

तालीम येत्या रविवारी ठेवली. आपल्या गावचा गाडीमालक ऋषिराज सगळ्यांना गोळा करणार आहे. फोटोबद्दल मी जातीनं ताकीद दिलीय की नुसता बैल पाठवू नका. दावणीला बांधलेला, शेणात बसलेला बैल बघून परगावचे लोक काय म्हणतील? मैदानाच्या इज्जतीला शोभेल असाच फोटो द्या. सगळ्यांना पटलं.

आपलं खोंड शर्यतीसाठी चांगलं तयार झालंय. मी पंच, म्हणून ते मैदानात उतरायचं नाही, पण त्याला हे कोण सांगणार? गाडी दिसली की पाय आपटतं.

तुझा,
मामा

ता. क. नमस्कार पोचला बाई. सोबत कुरडया दिल्यात. कंडक्टरला दोन खाऊ दे म्हनलंय, तवा मोजू नको. डबा परत पाठव, मागचा पन तुझ्याकडंच हाय. — मामी


सांगली, २ फेब्रुवारी

ती. मामा,

नमस्कार. मामी, तुलाही. दोन्ही डबे पाठवलेत.

मामा, जिंकलो. रविवारच्या तालमीचे सगळे अर्ज माझ्या घड्याळानं मोजले. एकही असा नाही की ज्याला पापणी लवण्यापेक्षा जास्त वेळ लागला. मी तीनतीनदा बघितलं. मग निमिषला ओढून आणून दाखवलं. आम्ही दोघांनी खाली जाऊन भडंग खाल्ला, पैसे मी दिले, यावरून ओळखा.

फक्त एक कळेना. ऋषिराजनं त्याच दिवशी मला फोन केला. म्हणाला, "ताई, लय फिरतंय गं. चहा ठिवला, पिला, कप धुतला, तरी चक्र हायच." बाकीच्यांचंही तेच म्हणे. आता माझं घड्याळ खोटं बोलत नाही, त्याला कुणाशी देणंघेणं नाही. तेव्हा दोष गावातल्या रेंजचा असणार, नाहीतर फोनांचा. जुने फोन, त्यात सतरा व्हिडिओ भरलेले. लोकांना म्हणावं, देवळाच्या चौथऱ्यावर उभं राहून करा आणि जरा धीर धरा. वेबसाइटला उगाच नावं ठेवू नका.

आणि रागावणार नसाल तर बोलते. माझ्या पत्राला उत्तर द्यायला तुम्ही पाच दिवस लावलेत. एसटी सकाळी निघाली की दुपारी सांगलीत असते. निरोपाला रात्र पडू देत नाही म्हणे.

तुमची,
संयोगिता


आंबेखिंड, ९ फेब्रुवारी

चि. संयू,

आशीर्वाद. तुझं पत्र आज आलं. वाचलं आणि चष्मा पुसून परत वाचलं. मला वाटलं दुसऱ्या कुणाचं आलं.

रेंजचा दोष? अगं, टॉवर आपल्याच माळावर आहे. वरच्या वस्तीवर मेंढरं राखणारा गडीसुद्धा तिथं बसून क्रिकेट बघतो आणि त्याचं चित्र हलत नाही. ऋषिराजचा फोन मागच्या दिवाळीतला आहे. त्याच्या ट्रॅक्टरपेक्षा तो फोन जास्त पुसला जातो. लोकांनी धीर धरावा म्हणतेस, तर गेल्या वर्षी त्यांनी धरलाच होता की. तालमीला मी स्वतः उभा होतो. ते चक्र मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, आणि माझे डोळे शाबूत आहेत. तुझं घड्याळ म्हणतं वेळ लागला नाही, आणि माझ्यासमोर दहा माणसं वेळ लागतोय म्हणून उभी आहेत. मी दहा माणसांचं ऐकीन. म्हणजे बघीन.

दुसरं. मी उशिरा उत्तर देतो हा आळ मी सहन करणार नाही. मागचं पत्र ज्या दिवशी हातात पडलं त्याच दिवशी लिहिलं. हेही आज आलं, आज लिहितोय. हवं तर मामीला विचार.

तुझा,
मामा

ता. क. संयू, मला इचारच, म्हंजे एकदाचं सांगून टाकते. तुझी पत्रं तू धाडतीस त्या दिवशीच येतात. कंडक्टर माझ्या हातात देतो. मी आधी वाचते. त्येंना सोसंल असं असलं तर देते, न्हाईतर पिठाच्या डब्यात ठिवते आणि त्येंचा बीपी बरा असला की काढते. मागलं पत्र बरं हुतं, पन गेल्या वर्साचं रडगाणं हुतं त्यात, म्हनून पाच दिवस ठिवलं. ह्ये तर भांडनाचं, सात दिवस पिठात हुतं. त्येंना वाटतंय आजच आलं. त्येंचं काय चुकलं न्हाई, त्येंच्या हातात पडल्यापास्नं त्ये धरत्यात.

आता मी असं का करते त्ये पन ऐक. बैठकीत दादासो वहीचं बोललं तवा ह्ये काय म्हनलं म्हाईत हाय का? म्हनलं, "यंदा भाचीची येबसाइट अडकली तर मी झेंडा खाली ठिवीन. परत रेषंवर हुबा ऱ्हानार न्हाई." तुला सांगू नको म्हनून माज्याकडनं शपथ घेतलीया, पन मी बोटं दुमडली हुती. कान गेल्यावर घरात बसून ऱ्हायलेला मानूस त्या झेंड्यानं बाहेर काढला, संयू. पोरी, काय त्ये बघ. — मामी


सांगली, १० फेब्रुवारी

प्रिय मामी,

हे पत्र तुझ्यासाठी आहे, कारण आधी तूच वाचणार. वाचून झाल्यावर पिठात ठेवू नको. चुलीवर काही असेल तर उतरव आणि तशीच पळत जाऊन मामांच्या हातात दे.

मामी, सापडलं. तुझ्या पिठाच्या डब्यात सापडलं.

झेंड्याचं वाचलं आणि लहानपणचं मैदान आठवलं. लहानपणी तू मला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घेऊन बसायचीस. पोरींनी रेषेजवळ जायचं नाही म्हणून. तिथून मला कधी बैल दिसला नाही, नुसता फुफाटा, आणि त्यात मामांचा वर गेलेला हात. तो हात माझ्यामुळं खाली जाणार, या विचारानं मी तुझं पत्र नुसतंच धरून बसले. मग तुझं ते वाक्य परत वाचलं. "त्येंच्या हातात पडल्यापास्नं त्ये धरत्यात." आणि खुर्चीवरून उठलेच.

मामा, आता तुम्ही वाचताय असं समजते. तुम्ही खोटं बोलत नव्हता. पत्र हातात आलं, लिहिलं, मामीला दिलं. तुमच्या घड्याळानं एक दिवस. पण तुमचं घड्याळ माजघरात आणि मामी उंबऱ्यावर. उंबऱ्यावर पत्र किती दिवस पडलं ते माजघरातल्याला कसं कळणार? मी सांगलीत बसून मोजत होते, म्हणून मला सात दिवस दिसले.

माझंही अगदी हेच झालं होतं. मी घड्याळाचं टेबल टाकलं ते सगळ्यांत आत, नाव नोंदायच्या खोलीच्या दाराशी. बाकीची टेबलं त्याच्या बाहेर राहिली. अर्ज बाहेर ताटकळून ताटकळून आत आला की माझं घड्याळ सुरू व्हायचं, आणि म्हणायचं, कुठं वेळ लागला? काय दाखवू? गाडी निम्मं मैदान पळून आल्यावर झेंडा पाडायचा, तसं. प्रोग्राममधली ओळ तीच, फक्त ती सगळ्यांत वर लिहायची होती. मी ती सगळ्यांत खाली लिहिली होती, आणि वर तुम्हालाच रेंज शिकवत होते. माफ करा. दहा माणसांचंच खरं होतं.

टेबल उचलून सगळ्यांच्या बाहेर, उंबऱ्याबाहेर ठेवलं. तालमीचेच अर्ज परत आत सोडले आणि बघते तर काय, ऋषिराजचा चहा, कप, कप धुणं, सगळं घड्याळात आलं. मग प्रत्येक टेबलापुढं एकेक घड्याळ लावत गेले. चोर एकच निघाला, बैलाचा फोटो लहान करणारा. मशीन केवढंही मोठं घ्या, तो तिथंच बसलेला.

आता फोटो लहान करायला एवढा वेळ का, म्हणून मी ते फोटो उघडले. मामा, तुम्ही बसलेला असाल तर पुढं वाचा. त्यात बैलाचा फोटो नाहीच. सगळ्यांनी फ्लेक्स पाठवलेत. चौकात लावायचे फ्लेक्स, छापखान्यातून जशीच्या तशी फाइल. ऋषिराजच्या फ्लेक्सवर वरती देव, खाली त्याचे वडील, दोन चुलते, शुभेच्छुक म्हणून आख्खं तरुण मंडळ गॉगल लावून, कोपऱ्यात ट्रॅक्टर, आणि मी शोधत गेले तेव्हा मधे बैल. एकेक फाइल अशी की भिंतीएवढी छापली तरी फुटणार नाही. ती बिचारा माझा प्रोग्राम काडेपेटीएवढी करत बसला होता.

आणि हे त्यांना कुणी सांगितलं? "नुसता बैल पाठवू नका" अशी जातीनं ताकीद कुणी दिली? गेल्या वर्षीही तुम्हीच दिली असणार. झेंडा पणाला लावणारेही तुम्हीच. धन्य आहात.

पण फ्लेक्स मी बंद करणार नाही. तुमचं म्हणणंही खरं आहे, आपल्याकडं नुसता बैल कुणी दाखवतं का? मी टेबलांचा क्रम बदललाय. आधी नाव नोंदून "नोंद झाली" म्हणून निरोप द्यायचा, फोटो बाजूला ठेवायचा आणि तो मागाहून सावकाश लहान करत बसायचं. सगळे फ्लेक्स परत पाठवून बघितले. आता उंबऱ्याबाहेरचं घड्याळसुद्धा म्हणतं, पापणी लवायच्या आत. निमिष म्हणाला, भडंग परत पाहिजे.

मामा, झेंडा घट्ट धरा.

तुमच्या दोघांची,
संयोगिता


आंबेखिंड, २२ फेब्रुवारी

चि. संयू,

शाब्बास. शाब्बास. शाब्बास. आधी हे लिहिलं आणि मग बसलो.

सकाळपासून देवळापुढं माणूस मावत नव्हतं. दादासो नवी वही, दोन पेनं आणि सतरंजी घेऊन तयारच होते. माणूस वाईट नाही, पण वही अशी मांडीवर धरली होती की जणू नातवंड. मी झेंडा घेऊन गेलो होतो, गुंडाळलेला. द्यायची वेळ आलीच तर घरी जाऊन आणायला नको.

वेळ झाली. ऋषिराजनं पहिलं बटण दाबलं. मी त्याच्या खांद्यावरून बघत होतो. चक्र दिसलंच नाही. एकदम हिरव्या अक्षरात "नोंद झाली". तो मान वर करून माझ्याकडं बघतोय, मी त्याच्याकडं. त्याला खरं वाटेना. त्यानं परत दाबलं. तुझी वेबसाइट म्हणाली, ही जोडी आधीच नोंदली आहे. शेजारच्यानं दाबलं, त्याचंही तेच. सगळे दोन-दोनदा दाबत होते. गेल्या वर्षीची सवय, गं. चहा ठेवून बसायच्या तयारीनं आलेली माणसं. चहावाल्यानं पातेलं चुलीवर ठेवलं होतं, त्याला उकळी यायच्या आत एका वेळी पळणाऱ्या गाड्यांचे सगळे गट भरले. फलटणचे, जतचे, साताऱ्याचे, घरबसल्या. माझ्या दारात एक मोटारसायकल नाही.

मग आरडाओरडा झाला असावा, कारण सगळ्यांची तोंडं उघडी होती आणि कुणीतरी मला उचललं. माझ्यापर्यंत आवाज आला नाही, पण पायाखालची फरशी थरथरत होती. ती मला कळली. रणगाडा जवळून जाताना थरथरते तशी.

दादासोंनी वही पिशवीत घातली आणि पाटीवर लिहिलं, "झेंडा तुमचाच." मी पाटी पुसली आणि लिहिलं, "पहिला गट सोडून. पहिल्या गटाला झेंडा माझी भाची पाडणार."

त्यावर दोघंतिघं बोलायला लागले. पोरीनं झेंडा पाडायचा का, आजवर असं झालंय का, असं काहीतरी असणार. ओठ हलत होते. आता मला ऐकू येत नाही हे सगळ्या तालुक्याला ठाऊक आहे. मी थोडा वेळ वाट बघितली, कुणाची हरकत कानावर आली नाही, म्हणून ठराव मंजूर झाला असं लिहून खाली सही केली.

तर यात्रेला यायचं. ट्रॉलीत नाही, रेषेवर. मी तुझ्या शेजारी उभा राहीन, पण हात तुझा. कुणी काही ओरडलं तर ऐकू नको, सगळ्या जोड्यांचे खूर रेषेमागं आलेत का तेवढं बघ. आणि उभी राहशील ती रेषेवरच, पुढं नाही, मागं नाही. कुठं उभं राहायचं हे आता तुला मी सांगायला नको.

तुझा,
मामा

ता. क. संयू, ह्ये पत्र मी वाचलं न्हाई. पहिल्यांदाच. ह्येंनी लिवलं, घडी घातली आणि मी तशीच एसटीकडं निघाले. गाडी सुटत हुती, म्हनून पळाले. एक चप्पल वाटंतच ऱ्हायली. कंडक्टरनं गाडी धरलीया आणि त्याच्याच पेनानं ह्ये लिवतीया. झेंडा पाडायला येशील तवा साडी नको, पंजाबी ड्रेस घाल. झेंडा पडला की बाजूला पळावं लागतं. — मामी